वरचं कुरण

मामांनी ही हकीकत घरात एकदाच सांगितली. मामी तेव्हा शेजारीच बसली होती आणि तिने मध्ये एकदाही "काहीतरीच काय तुमचं" म्हटलं नाही. आमच्या मामीला जे ओळखतात त्यांना एवढा पुरावा पुरे आहे.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, वादळ नाही. भरदुपारी, लख्ख उन्हात घडलंय हे.

मामा वनखात्यात अधिकारी होते. सगळी नोकरी वणवे विझवण्यात, रोपं जगवण्यात आणि सरकारी कुरणांवरची चराई सांभाळण्यात गेली. चराईचं तंत्र तसं साधं. कुरणाचे भाग पाडायचे, एका भागात जनावरं सोडायची, बाकीच्यांना विसावा द्यायचा. मामा याबाबतीत भलते कडक. मेंढपाळ पाठीमागे त्यांना 'गवताचा सासरा' म्हणायचे. मामांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

एका डोंगराळ भागात त्यांची बदली झाली. तिथे आल्या आल्या त्यांना एक गोष्ट खटकली.

खालच्या सगळ्या कुरणांना टक्कल पडलेलं. आणि माथ्यावरच्या कुरणात... कमरेएवढं गवत.

तिथे बंदी नव्हती. कुंपणाचं फाटकही उघडंच असायचं. तरी एक शेळीसुद्धा तिकडे फिरकत नव्हती.

"वर का नाही नेत कोणी?" मामांनी त्यांच्या वनरक्षकाला विचारलं. हा माणूस मामांपेक्षा वयाने बराच मोठा. सगळे त्याला दादा म्हणत आणि मामाही त्याच्याशी अहोजाहोनेच बोलत.

"वर वारा फार असतो साहेब," दादा म्हणाला.

"मेंढ्यांना वाऱ्याचं काय?"

दादाने कप उचलला. चहा निवत चालला होता, तो प्यायला.

पुढच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. खालचं उरलंसुरलं गवतही संपलं. मामांनी सगळ्यांना सांगितलं, वरच्या कुरणात जनावरं सोडा, मी सांगतोय. सगळ्यांनी 'हो' म्हणून मान हलवली. गेलं कोणीच नाही.

एक बाई तेवढी कचेरीत आली. नवरा वारल्यावर कळप एकटीने सांभाळणारी. उन्हाने रापलेला चेहरा, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"साहेब, जनावरांची हाडं वर आली माझ्या. वर नेईन म्हणते. पण एकटी नाही जाणार. तुम्ही येता का?"

"येतो की. दिवसभर बसतो तुमच्याबरोबर. मग तरी पटेल ना लोकांना?"

बाई हसली नाही. "बघू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. पुढे कळप, मागे बाई, तिचा कुत्रा, मामा आणि दादा. फाटकाशी आल्यावर दादा थांबला.

"मी इथेच बसतो साहेब. मेंढ्या बाहेर पडल्या तर अडवायला नको का कोणी?"

मामांना हसू आलं. म्हणाले, "बसा."

कुत्राही फाटकात अडून बसला होता. बाईने दोनदा बोलावलं तेव्हा आला... पोट जमिनीला घासत.

मेंढ्या मात्र गवतावर तुटून पडल्या. कळप चरताना एक आवाज होतो. कापड टरकावल्यासारखा, सगळीकडून, सतत. मामांना तो आवाज फार आवडायचा. ते एका खडकाला टेकून बसले. बाईने शिदोरी सोडली. ऊन छान होतं. वारा... अजिबात नव्हता.

आणि तो आवाज थांबला.

एकदम. सगळ्या मेंढ्यांचा.

मामांनी वर पाहिलं. झाडून सगळ्या मेंढ्यांनी माना उचलल्या होत्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला... माथ्याकडे. कुणाच्या तोंडातून अर्धवट तोडलेलं गवत लोंबत होतं. ते चघळण्याचंही त्यांना भान नव्हतं.

मग शीळ आली.

दोन आखूड, एक लांब. लांब शिळेच्या शेवटी आवाज जरासा चिरकणारा. कळप बोलावण्याची ही बाईची शीळ. चढण चढताना मामांनी ती कितीतरी वेळा ऐकली होती.

त्यांनी बाईकडे पाहिलं.

तिच्या तोंडात घास होता.

"मी नाही," ती हळूच म्हणाली. त्यांनी विचारायच्या आधीच.

शीळ पुन्हा आली. माथ्याच्या पलीकडून. कळप चालू लागला. मेंढ्या पळत नव्हत्या, बिथरल्या नव्हत्या. संध्याकाळी घराकडे वळतात तशा, निवांत, एकीमागे एक.

बाई ताडकन उठली. तोंडातला घास थुंकून तिने शीळ घातली. तीच, तशीच. एकाही मेंढीने वळून पाहिलं नाही. कुत्रा तिच्या पायांत तोंड खुपसून थरथरत होता.

मामा धावले. शेवटची मेंढी माथ्यापलीकडे उतरली तेव्हा ते तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होते. धापा टाकत ते वर पोहोचले...

पलीकडे मोकळा उतार होता. झाड नाही, झुडूप नाही, लपायला खड्डा नाही.

मेंढी एकही नाही.

गवत कुठे दबलेलं नव्हतं. खुरांची खूण नव्हती. लेंडी नव्हती. फक्त पुढच्या मेंढीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. अगदी जवळ. हात लांब केला तर लागेल इतकी.

मामा तिथे किती वेळ उभे होते, त्यांनाच सांगता येत नाही. भानावर आले ते दादाच्या आवाजाने. दादा धडपडत, घामाघूम होऊन बाजूच्या घळीकडून येत होता.

"तुम्ही खाली होतात ना?" मामांनी विचारलं.

"तुम्हीच हाक मारलीत, म्हणून आलो."

"मी?"

"तुमचाच आवाज होता साहेब. घळीतून. पार कड्यापर्यंत गेलो मी. पुढचं पाऊल टाकणार, तेवढ्यात पुन्हा हाक आली... दादा, ये." त्याने तोंड पुसलं. "तुम्ही मला कधी 'ये' म्हणत नाही. 'या' म्हणता."

मामांनी दादाचा दंड धरला आणि ते खाली उतरू लागले.

तिघंही फाटकाशी येऊन बसले. कळप सोडून कसं जायचं? त्या बाईचं सगळं जगणं त्या मेंढ्यांवर होतं, आणि मामांच्या भरवशावर तिने त्या वर आणल्या होत्या.

दिवस कलला. तेव्हा कळप परत आला.

ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, एकीमागे एक. सगळ्या होत्या. पाठीवर बाईचा गेरूचा पट्टा, कानाला तीच खाच. मामांचा जीव भांड्यात पडला.

"आल्या बघा तुमच्या," ते म्हणाले.

बाई जागची हलली नाही. एकेका मेंढीच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळा कळप फाटकातून बाहेर पडला, तेव्हा म्हणाली...

"ह्या माझ्या नाहीत."

"अहो बाई, खूण तुमचीच आहे."

"खूण माझी आहे," ती म्हणाली.

मामांना वाटलं, धसका घेतलाय बिचारीने. समजूत घालून त्यांनी कळप खाली मेंढ्यांच्या वाड्यात घालायला लावला. सकाळी मुद्दाम बघायला गेले.

मेंढ्या उभ्या होत्या. एकही बसलेली नव्हती. सगळ्यांची तोंडं माथ्याकडे.

आणि वाड्यात शांतता होती. मेंढी रात्रभर रवंथ करते, वाड्याजवळ गेलं की ती कुरकुर ऐकू येते. इथे एकीचाही जबडा हलत नव्हता. समोर टाकलेला चारा जसाच्या तसा. जनावरांचे डॉक्टर आले, तपासून गेले. ताप नाही, रोग नाही. "खात कशा नाहीत पण?" एवढंच ते म्हणत राहिले.

दिवस गेले. मेंढ्यांनी गवताची काडी तोंडात घेतली नाही. वाळल्या नाहीत. मेल्या नाहीत. नुसत्या उभ्या.

एका सकाळी बाईने वाड्याचं दार काढून टाकलं. तिने हाकललं नाही, शीळ घातली नाही. कळप आपणहून बाहेर पडला, रांगेत डोंगर चढला, उघड्या फाटकातून आत गेला. मामा आणि दादा खाली उभे राहून बघत होते. कोणी अडवलं नाही.

त्याच दिवशी मामांनी फाटकाला कुलूप घातलं आणि काटेरी तार ओढून घेतली. बाईला खात्याच्या रोपवाटिकेत काम मिळवून दिलं. ती तिथे चांगली रुळली. पण तिने पुन्हा जनावर पाळलं नाही आणि तिची शीळ पुन्हा कोणी ऐकली नाही.

म्हणजे, तिच्या तोंडून नाही ऐकली. डोंगरावरून ती ऐकू आल्याचं सांगणारे होते.

पुढे मामांच्या बदल्या होत गेल्या. निवृत्त झाले, शहरात घर बांधलं. डोंगर कुठल्या कुठे राहिला. मामा म्हणायचे, आता मला जंगलाचं नावही नको.

मग एका दुपारी मामी परसात जायला निघाली. मामांनी विचारलं, "कुठे चाललीस?"

मामी दारात थबकली. मामा खाटेवर पडले होते.

"तुम्हीच आत्ता परसातून हाक मारलीत ना?"

त्या दिवसापासून त्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. चहा हवा असला तरी मामा उठून स्वयंपाकघरात जातात, मामीसमोर उभे राहतात आणि मग बोलतात. पाहुण्यांना गंमत वाटते. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणून चिडवतात. दोघं हसण्यावारी नेतात.

मलाही गंमतच वाटायची.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामी माझ्या शेजारी भाजी निवडत होती. मामा समोर पेपर वाचत होते. मी त्यांचं तोंड बघत होतो, ते मिटलेलं होतं... आणि परसातून मामांच्या आवाजात कोणीतरी माझं नाव घेतलं.

मी अर्धवट उठलोसुद्धा.

मामांनी मान वर केली नाही. पेपरचं पान उलटणारा हात तेवढा थांबला.

"बसून राहा," ते हळू आवाजात म्हणाले.

मी बसून राहिलो. मामी भाजी निवडत राहिली. परसातून माझं नाव येत होतं... न रागावता, न थकता... पार आम्ही जेवायला बसेपर्यंत.