गाडीत काहीच दोष नाही

“मला ती बाई तुरुंगात हवी आहे,” गळ्यात अडकवलेला हात सावरत पाहुणे खुर्चीत टेकले. स्वतःची ओळख त्यांनी नंतर करून दिली. ते गाड्यांच्या मोठ्या शोरूमचे मालक होते.

मास्तरांनी चहाचा कप बाजूला सारला. पूर्वी ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. आता खासगी तपासाची कामं घेत, पण नाव मास्तर हेच राहिलं होतं. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या त्यांच्या मित्राला सगळे वकील म्हणत. वकिलांकडे सनद होती, अशील नव्हते. त्यामुळे ते दिवसभर मास्तरांच्याच कचेरीत सापडत.

मालकांनी हकीकत सांगितली. त्यांची स्वतःची गाडी अगदी नवी, आदल्या दिवशीच त्यांच्या वर्कशॉपमधून तपासून आलेली. ते शेजारच्या शहरात कामाला गेले आणि भर दुपारी परतले. शोरूमसमोरच्या वळणावर इंजिन एकाएकी बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक दाबला जाईना, आणि गाडी त्यांच्याच शोरूमची काच फोडून आत शिरली.

“सोबत कोण होतं?” मास्तरांनी विचारलं.

“बायको येणार होती. सकाळीच तिच्या भावानं बोलावून घेतलं, त्याच्या मुलीजवळ बसायला. वर्कशॉपचा मिस्त्री मात्र जाता-येता बरोबर होता. तिथलं एक यंत्र बघायचं होतं. वळणाच्या थोडं आधी उतरला, नशीबवान.”

“आणि गाडी?”

मालकांचा चेहरा कडवट झाला. “दुसऱ्या दिवशी विम्याचा माणूस आला. किल्ली फिरवली, पहिल्या फटक्यात चालू. म्हणाला, गाडीत काहीच दोष नाही, चालवणाऱ्याची चूक आहे. मला म्हणाला! माझं आयुष्य गाड्यांत गेलंय.”

वकिलांनी वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं. पुढे ऐकू आला तो खोकला नव्हता.

संशय होता एका दातांच्या डॉक्टरबाईंवर. त्यांनी याच मॉडेलची गाडी घेतली होती आणि तेव्हापासून तक्रारींनी भंडावून सोडलं होतं. अपघाताच्या आदल्या दिवशी, मालकांची गाडी वर्कशॉपमध्ये असतानाच, बाई तिथे येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “एक दिवस तुम्हीही असेच रस्त्याच्या मधोमध अडकाल, तेव्हा कळेल.” पोलीस पुरावा मागत होते. मालकांना तोच हवा होता.

“खर्चाची फिकीर करू नका,” ते उठताना म्हणाले. “तिचा दवाखाना बंद पडलेला मला बघायचाय.”

*

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी एका रुग्णाला कापूस चावायला देऊन बाहेर बसवलं आणि दार लावलं. मालकांना अपघात झाला याचं वाईट वाटलं का, असं वकिलांनी विचारलं. त्या सरळ म्हणाल्या की अजिबात नाही.

त्यांची गाडी लांबच्या प्रवासात, उन्हात बंद पडायची. एकदा रेल्वेच्या फाटकात बंद पडली, मागच्या सीटवर म्हातारी आई होती. लोकांनी ढकलून बाहेर काढली. ओढून वर्कशॉपला नेली की तिथे रात्रभर उभी राहायची आणि सकाळी गुणी बाळासारखी चालायची. वर्कशॉपवाले इमारतीला एक फेरी मारायचे आणि तेच वाक्य ऐकवायचे.

“कुठलं वाक्य?” वकिलांनी विचारलं.

“गाडीत काहीच दोष नाही. आणि वर माझ्याकडे असं बघायचे, की दोष मॅडममध्ये असावा.”

शेवटी रस्त्यावरच्या एका मेकॅनिकनं त्यांना अंगठ्याएवढा एक सेन्सर दाखवला होता. इंजिन फिरतंय की नाही हे गाडीला सांगणारा. त्याचाच संशय आहे, म्हणाला. पुढच्या खेपेला गाडी वर्कशॉपला देण्याआधी बाईंनी त्या सेन्सरवर दात भरायच्या मसाल्याचा ठिपका खूण म्हणून दिला आणि निळ्या दिव्यानं पक्का केला. तो मसाला दाढेत वर्षानुवर्षं टिकतो. इंजिनच्या उष्णतेनं काय सुटणार?

“गाडी परत आली तेव्हा ठिपका गायब. गाडी तेव्हापासून सुरळीत आहे. म्हणजे त्यांनी सेन्सर बदलला. पण सांगताना सांगितलं, काही बदललं नाही, दोष नव्हताच. ग्राहक न्यायालयातही मालक हेच बोलले, शपथेवर.” बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. “गाडी मिळाली हो मला. पण मी खोटी ठरले, ते मी सोडणार नाही. त्या माणसाच्या तोंडून मला ऐकायचंय.”

“वर्कशॉपच्या आत तुम्ही कधी गेलात?”

“आत कोण सोडतंय? काचेपलीकडे खुर्च्या मांडल्यात. तिथून गाडीचं ऑपरेशन बघत बसायचं, नातेवाइकांसारखं.”

निघताना मास्तरांनी त्यांच्याकडून दात बघायचा छोटा आरसा मागून घेतला.

*

शोरूमच्या फुटलेल्या काचेच्या जागी प्लायवूड ठोकलं होतं. मागे वर्कशॉप होतं, आणि खरोखरच काचेनं ग्राहकांपासून तोडलेलं. वर्कशॉप बघायचे मालकांचे मेहुणे, म्हणजे त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ. उंच, वाकलेले, हळू बोलणारे. त्यांनी कसलीही आडकाठी न करता मालकांची गाडी उघडून दिली.

मास्तरांनी आरसा इंजिनच्या मागच्या फटीत घातला आणि टॉर्च धरला. आरशात जे दिसलं ते वकिलांनाही दिसलं. काळ्या सेन्सरवर तांदळाएवढा पांढरा ठिपका होता.

“संपलं,” वकील कुजबुजले. “बाईचीच खूण. आपलं काम झालं, मास्तर.”

मास्तर मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री गुबगुबीत, बडबड्या माणूस होता. अपघाताची गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती की आता तीत विनोद आले होते. येताना गाडीत आपल्याला छान झोप लागली होती, पाय पसरून, असं तो म्हणाला. पण भाग बदलायचा विषय निघाला तसा त्याचा सूर बदलला. कंपनीकडून नवा भाग मागवला की तक्रार कंपनीच्या दप्तरी लागते, मग कंपनी शोरूमला जाब विचारते. म्हणून मागवायचा नाही, असा मालकांचा हुकूम होता.

“मग डॉक्टरबाईंच्या गाडीत दुसरा कुठून आला?”

मिस्त्रीनं मागच्या यार्डाकडे पाहिलं, जिथे विकायच्या नव्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. मग त्याला एकदम कसलंसं काम आठवलं आणि तो निघून गेला.

यार्डाच्या टोकाला एक गाडी ताडपत्रीखाली होती. वकिलांनी कुतूहलानं ताडपत्री उचलली. निळी, याच मॉडेलची, पुढून पार चेपलेली. आत सगळीकडे धुळीचा जाड थर. वकिलांनी वाकून पाहिलं आणि हात झटकले. “भंगार. एक वायर नुसतीच लोंबतेय, तिचं टोक तेवढं स्वच्छ आहे. बाकी धूळ.”

“शाब्बास,” मास्तर म्हणाले. वकिलांना हे शाब्बास कशाबद्दल ते कळलं नाही.

मेहुणे मागे येऊन उभे होते. ती त्यांच्या मुलीची गाडी होती. नोकरी लागली म्हणून दाजींनी तिला भेट दिली होती, याच यार्डातून. डोंगराच्या उतारावर दुपारची बंद पडली. मुलगी वाचली, चालू मात्र शकत नाही.

“गाडी कोणी तपासली?”

“दाजींनी.” मेहुण्यांनी ताडपत्रीची घडी नीट केली, कोपरे जुळवून, पांघरूण घालावं तशी. “दोष नव्हता. तिला चालवता येत नव्हतं, असं म्हणाले. तिच्या खाटेशेजारी बसून म्हणाले.”

*

दोन दिवसांनी, दुपारी, मास्तरांनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. डॉक्टरबाई पहिल्यांदाच काचेच्या अलीकडे आल्या होत्या. मालक खुर्चीत, मिस्त्री दाराशी, मेहुणे खांबाला टेकून.

मालकांची गाडी चालू होती. मास्तरांनी पिशवीतून हेअर ड्रायर काढला.

“हे काय, केस वाळवणार आहात?” मालक म्हणाले.

मास्तरांनी ड्रायर सेन्सरवर धरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. वकिलांना मित्राची लाज वाटू लागली. आणि मग इंजिन एकाएकी थांबलं. किल्ली फिरवली तरी उठेना. मास्तरांनी ओलं फडकं सेन्सरवर ठेवलं, तो निवेपर्यंत थांबले, आणि पुन्हा किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली.

“तापला की मरतो, निवला की जगतो,” मास्तर म्हणाले. “लांबच्या प्रवासात, उन्हात बंद. सकाळी वर्कशॉपमध्ये धडधाकट. इमारतीला एक फेरी मारून हा दोष सात जन्मांत सापडणार नाही. विम्याच्या माणसालाही सापडला नाही.”

“म्हणजे माझी चूक नव्हती!” मालक उठले. “आणि यावर हिची खूण आहे, वकिलांनी मला सांगितलंय. हिनेच बसवला.”

वकील जमिनीकडे बघू लागले.

“खूण त्यांची आहे,” मास्तर म्हणाले. “पण सेन्सर त्यांच्या गाडीतून निघाला तो इथे, तुमच्या माणसांच्या हाती. बाई काचेपलीकडे बसतात. त्यांना तो परत मिळणार कसा? आणि गुन्हा करायला जाणारं माणूस स्वतःची खूण कशाला ठेवेल?”

डॉक्टरबाईंनी श्वास सोडला. मास्तर सांगत गेले. नवा भाग मागवायचा नाही हा हुकूम. म्हणून तक्रार फारच वाढली की यार्डातल्या नव्या गाडीतला चांगला भाग काढायचा आणि खराब भाग तिच्यात बसवायचा. ती गाडी पुढे कोणाला तरी नवी म्हणून द्यायची. दाराशी मिस्त्रीनं मान खाली घातली.

“डॉक्टरबाईंचा सेन्सर ज्या गाडीत गेला, ती निळी होती. ताडपत्रीखाली आहे. तिच्यातली सेन्सरची वायर लोंबतेय, आणि सगळीकडे धूळ असताना तिचं टोक स्वच्छ. म्हणजे तो नुकताच काढला. काढून या गाडीत घातला.”

“मिस्त्री!” मालक गरजले.

“मिस्त्री या गाडीत पाय पसरून झोपला होता. ती वाटेत कुठेतरी बंद पडणार हे माहीत असलेला माणूस तिच्यात झोपत नाही.” मास्तर थांबले. “उलट एका माणसानं त्या सकाळी आपल्या बहिणीला या गाडीत बसू दिलं नाही.”

मेहुण्यांनी खांब सोडला. त्यांचा चेहरा शांत होता, बराच वेळ रांगेत उभं राहून नंबर लागलेल्या माणसासारखा.

“हो. मीच.”

मालक त्यांच्याकडे वळले. “तू... मला मारायला निघाला होतास?”

“कशानं, दाजी? दोषच नाही ना त्यात.”

ते हळूच बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मुलीला ती गाडी नको, असं त्यांनी तेव्हा विनवून सांगितलं होतं. निदान नवा भाग मागवू द्या म्हणाले होते. मालकांनी हसण्यावारी नेलं. तिला निळा रंग आवडलाय, राहू दे. आणि मेहुणे गप्प बसले.

“गप्प बसलो ते माझं मी भोगतोय. पण तिला म्हणालात, तुला चालवता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, बाबा, खरंच माझं चुकलं का? अजून विचारते.” ते मालकांसमोर येऊन उभे राहिले. “करा तक्रार. सांगा पोलिसांना, मेहुण्यानं खराब सेन्सर बसवला. विचारतील, कुठून आला? मी सगळं सांगेन. त्याचसाठी बसवलाय तो, दाजी. निळ्या गाडीतून काढताना पांढरा ठिपका दिसला तेव्हाच कळलं, की याला साक्षीदार आहे.”

मालक खुर्चीत बसले. त्यांनी मास्तरांकडे, मग सेन्सरकडे पाहिलं. दोष होता म्हणावं तर न्यायालयात घेतलेली शपथ खोटी, आणि निळ्या गाडीचं उत्तर द्यावं लागणार. दोष नव्हता म्हणावं तर भर दिवसा स्वतःच्या शोरूमची काच त्यांनी स्वतः फोडलेली.

“तपास थांबवा,” शेवटी ते म्हणाले. “माझंच... चालवताना माझंच चुकलं.”

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. बहुधा त्यांना याहून वेगळं वाक्य ऐकायचं होतं. पण हेही वाईट नव्हतं.

मास्तरांनी गार झालेला सेन्सर काढला, फडक्यात गुंडाळला आणि बाईंच्या हातात दिला. “हा तुमच्या गाडीतला. न्यायालयात लागेल.”

मालकांनी हात पुढे केला. तो गळ्यात अडकवलेला होता, अर्ध्यातच थांबला.

मेहुण्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं, समाधानासारखं. तेव्हा मास्तर त्यांच्याकडे वळले.

“मिस्त्री त्या गाडीत बसणार, हे तुम्हाला माहीत होतं?”

“...होतं.”

“आणि त्या वळणावर शाळेची बस थांबते. त्या दिवशी नव्हती, एवढंच. खराब भाग दुसऱ्याच्या माथी मारायचा आणि काय होतं ते बघायचं. तेवढं मात्र तुम्ही दाजींसारखंच केलंत.”

मेहुण्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीच्या तोंडावर आता एकही विनोद नव्हता.

मग मेहुण्यांनी वर्कशॉपच्या किल्ल्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या. “वकीलसाहेब, पोलीस चौकीपर्यंत याल? मला काय काय सांगावं लागेल?”

“सगळं,” वकील म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अशील मिळाला होता, आणि त्यांना त्याचा आनंद होत नव्हता.

दाराशी मेहुणे थांबले. “त्याआधी घरी जाऊ. माझ्या मुलीला एक वाक्य सांगायचंय. दाजी, तुम्हीही चला. ते तुमच्या तोंडून हवंय.”

मालक जागचे हलले नाहीत. डॉक्टरबाईंनी फडक्यातला सेन्सर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, दात काढल्यावर रुग्णाला दाखवतात तसा.

मालक उठले.