आधी वरवंट्याच्या कानात

यातलं एक अक्षरही मी मनाचं घातलेलं नाही. उलट एक शब्द मुद्दाम गाळणार आहे. ते एक नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही, आणि का ते पुढे तुम्हालाच कळेल.

तारीख १९ फेब्रुवारी २०२३, रविवार. वेळ दुपारी साडेबारा. जागा लालबागमधली एक जुनी चाळ, तिसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली.

हो, दुपारीच. या गोष्टीत रात्र नाहीच. ती असती तर मला बरं वाटलं असतं, कारण रात्री निदान दिवा लावता येतो.

अनुजा माझी मावसबहीण. तिचा नवरा हितेंद्र. मोठी मनवा तेव्हा चार वर्षांची होती आणि धाकटा दीड महिन्याचा. ही खोली त्यांनी चार वर्षांपूर्वी घेतली होती. चाळ पडणार, टॉवर होणार, हे ऐकून ऐकून हितेंद्रचे कान किटले होते. शेवटी तो म्हणाला, टॉवर येईल तेव्हा येईल, आपण आपलं किचन करून घेऊ. अनुजा बाळंतपणाला गिरगावात माहेरी गेली आणि इकडे त्याने जुना ओटा फोडायला घेतला. काळा ग्रॅनाइट, खाली सरकत्या ट्रॉल्या, भिंतीला पांढऱ्या टाइल्स. बारसं आणि नवं किचन एकाच दिवशी सगळ्यांना दाखवायचं, हा बेत त्याचाच.

ओटा फोडताना खाली एक कोनाडा निघाला. विटा लावून बुजवलेला.

आत... एक वरवंटा होता.

पाटा नाही. नुसता वरवंटा. त्याला तान्ह्या बाळाची कुंची घातलेली, आणि ती काळ्या दोऱ्याने घट्ट बांधलेली.

मिस्त्री म्हणाला, "साहब, इसको वापस अंदर ही चुन देता हूँ."

हितेंद्र म्हणाला, "अरे नको, बारशाला लागेल."

खरंच लागणार होता. आमच्याकडे बारशाला बाळाबरोबर वरवंट्यालाही कुंची घालतात. बायका दोघांना पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. पण घरोघरी मिक्सर, वरवंटा कुणाकडे असतो? आयता मिळाला म्हणून हितेंद्र खूश होता. जुनी कुंची त्याने कचऱ्यात टाकली. अनुजाच्या आईने दोन नव्या शिवल्या, हिरव्या, जरीच्या काठाच्या. एक बाळाला, एक वरवंट्याला. अगदी सारख्या.

त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिवजयंती असल्याने खाली नाक्यावर ढोल वाजत होते. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. नाव सांगायचं काम आत्याचं, म्हणजे हितेंद्रची बहीण सुचित्रा, वरळीची. ही बाई भयंकर मस्करीखोर. बाळ गाढ झोपलं होतं. तिने शेजारचा वरवंटा उचलला आणि म्हणाली, "थांबा गं, आधी रिहर्सल करते."

वरवंट्याच्या कुंचीला तोंड लावून तिने 'कुर्रर्र' केलं आणि बाळाचं ठरलेलं नाव सांगितलं.

सगळ्या हसल्या. रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्केही घातले. नंतर तिने बाळाच्या कानातही नाव सांगितलं, पण तोवर कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स उघडला होता. दुसऱ्यांदा बुक्के कुणी घातले नाहीत.

मीसुद्धा हसलो होतो. व्हिडिओत माझंच हसू सगळ्यात मोठं आहे.

सोमवारी हितेंद्र कामावर गेला. मनवा बालवाडीतून येऊन, जेवून झोपली. अनुजाने बाळाला मांडीवर घेतलं आणि लाडाने त्याला पहिल्यांदाच नव्या नावाने हाक मारली.

बाळाने तिच्याकडे पाहिलं नाही.

एवढंसं बाळ नावाला काय ओळखणार? पण आईचा आवाज ते ओळखतं. कालपर्यंत 'सोन्या' म्हटलं की मान वळवायचं. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

किचनमधून आवाज आला... घर्र.

दगड ग्रॅनाइटवर जरासा लोळावा तसा.

शोभेला म्हणून हितेंद्रने वरवंटा नव्या ओट्यावरच ठेवला होता, कुंचीसकट. अनुजाने जाऊन पाहिलं. तो जागेवरच होता. ओटा उतरता झाला असेल, मिस्त्रीला सांगायला हवं, असं मनाशी म्हणत ती परत आली.

चाळीच्या मागच्या गल्लीत मसाला कांडपाच्या मशीन आहेत. फेब्रुवारी लागला की दिवसभर धपधप चालू असते. दुपारी दोन ते तीन कामगारांची जेवणाची सुट्टी. तेवढा एक तास चाळ शांत होते. त्याच तासात रोज...

घर्र. घर्र.

बुधवारी अनुजाच्या लक्षात आलं की घरात काहीतरी कमी झालंय. काय ते सापडायला तिला संध्याकाळ झाली.

बाळ रडत नव्हतं.

कालपासून एकदाही नाही. भुकेलाही नाही, लंगोट ओला झाला तरी नाही. डोळे उघडे ठेवून वर बघत पडायचं. शेजारणी म्हणाल्या, किती गुणी आहे गं. अनुजा हसली, पण त्याचे पाय हातात घेतले तेव्हा तिला ते थंड लागले. तिने मोजे घातले. मोजेही थंड झाले.

गुरुवारी दुपारी ती अंघोळ करून बाहेर आली तर मनवा ओट्याशी स्टुलावर उभी. वरवंट्याला थोपटत होती.

"काय करतेस गं?"

"झोपवतेय त्याला." आणि मनवाने बाळाचं नवं नाव घेतलं.

"तो तर पाळण्यात आहे ना?"

मनवाने पाळण्याकडे पाहिलं. मग आईला समजावल्यासारखं म्हणाली, "तो नाही गं. याला नावच नव्हतं. आत्याने दिलं ना." हातातली चकली दाखवून पुढे म्हणाली, "ही देणार होते, पण त्याला दात नाहीयेत अजून."

अनुजाने तिला खाली उतरवलं आणि वरवंटा उचलून बाजूला ठेवायला गेली.

तो हलका लागला. रविवारी दोन हातांनी उचलावा लागला होता, आज एका हातात आला. आणि...

तो कोमट होता.

कुंचीची कड, तोंडाशी येते ती, ओली होती. तिने नाकाशी नेली. दुधाचा आंबूस वास आला. तिच्याच दुधाचा. तो वास आईला सांगावा लागत नाही.

हितेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, "अनू, तुझी झोप होत नाहीये. म्हणून असं वाटतं." तो वाईट माणूस नाही. ट्रॉल्यांचे रूळ दुसऱ्यांदा बसवून घेण्यात त्याचा जीव अडकला होता, एवढंच.

शनिवारी ती बाळाला परळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. जिना उतरताना तिचे हात भरून आले. तिसऱ्या मजल्यावरून तळापर्यंत ती दोनदा थांबली. पंधरा दिवसांपूर्वी बाळाचं वजन चार किलो सहाशे भरलं होतं.

आता काटा सात किलोच्या पुढे गेला.

डॉक्टरांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तेच आलं. "बिघडलंय वाटतं," ते म्हणाले. "बाळ छान आहे. शांत आहे." अनुजाला तिथेच रडू फुटलं. आपलं मूल आपल्या हातात असताना हातातून जातंय, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार होती?

सोमवारी दुपारी राधाबाई आल्या. चाळीत पन्नास वर्षं काढलेली बाई. बारशाला त्या अँटॉप हिलला लेकीकडे होत्या, म्हणून आठ दिवसांनी बाळाला बघायला झबलं घेऊन आल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्यांचं हसू विझलं.

"ह्याका काय झाला गो?"

मग त्यांची नजर किचनकडे गेली. हिरवी कुंची दिसली.

"ह्यो वरवंटो तुमका खंय गावलो?"

अनुजाने सांगितलं. ओटा, कोनाडा, बारसं, सगळंच. राधाबाईंनी एकच विचारलं, "आत्येन नाव पयला कोणाच्या कानात सांगितल्यान?"

अनुजाने किचनकडे बोट दाखवलं.

"तुमच्या आधी हय अंबिका ऱ्हवायची," त्या म्हणाल्या. "तिच्या झिलाचा, त्या पोराचा, बारसा झालाच नाय. अकराव्या दिसाक..." पुढचं त्यांनी गिळलं. "ननंदेक बोलव. आत्ताच्या आत्ता. ह्या बाळाक दुसरा नाव ठेव. आणि ता पयला नाव ह्या घरात परत कोणी घेव नको."

सुचित्रा टॅक्सी करून अर्ध्या तासात पोचली. ती कशालाही हसत नव्हती. बाळाला पाळण्यात ठेवायला दोघींना मिळून उचलावं लागलं.

तीन वाजायला दहा मिनिटं होती. कांडपाच्या मशीन बंद होत्या. किचनमधून आवाज सुरू झाला... घर्र. घर्र. घर्र. थांबतच नव्हता.

"नाव काय सांगू?" सुचित्राने विचारलं.

दोन महिने मोबाइलवर याद्या करून, अर्थ शोधून आधीचं नाव काढलं होतं. शेवटी राधाबाई म्हणाल्या, "रघू सांग." त्यांच्या वडिलांचं नाव.

सुचित्राने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. 'कुर्रर्र' करून तिने नवं नाव सांगितलं. अनुजाने आणि राधाबाईंनी तिच्या पाठीत बुक्के घातले, मोजून पाच, अगदी जोरात.

काही झालं नाही.

मग बाळाचा ओठ थरथरला... आणि ते रडलं. आठवडाभराचं साठलेलं रडणं. चाळ गोळा झाली इतकं. अनुजाने त्याला एका हाताने उचललं, छातीशी धरलं आणि तीही त्याच्याबरोबर रडली. त्याचे पाय गरम होते.

संध्याकाळी हितेंद्र आला आणि बायकोचा चेहरा बघून पहिल्यांदाच घाबरला. "मी आत्ता जाऊन समुद्रात टाकून येतो," तो म्हणाला.

राधाबाई दारातच उभ्या होत्या. "नाव ठेवलास मां? मगे तो आता तुमचो झालो. पोराक कोण भायर टाकता काय?"

अनुजानेही नाही म्हटलं. ती मला नंतर म्हणाली, "त्याला राग नव्हता रे. तो फक्त हाकेला ओ देत होता." मग मी विचारलं की तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "रोज वाटते."

वरवंटा सगळ्यात खालच्या ट्रॉलीत, मऊ साडीच्या घडीवर ठेवला. ते नाव घरात कुणी घेतलं नाही. घरातल्यांनी आपापल्या फोनमधून बारशाचा व्हिडिओ काढून टाकला. जवळजवळ दोन वर्षं काही घडलं नाही.

आता माझी चूक सांगतो.

५ जानेवारी २०२५, रविवार. रघूचा दुसरा वाढदिवस. पहिलं हसू, पहिलं पाऊल, उष्टावण, असे सगळे फोटो टीव्हीवर लावायचं हितेंद्रने ठरवलं होतं. फोटो पाठवा म्हणाला. मी माझ्या फोनमधला रघूचा अल्बम न बघताच, सगळाच्या सगळा पाठवून दिला.

केक कापून झाला. टीव्हीवर फोटो सरकत होते. मुलं चिवडा सांडत होती. आणि एकदम...

ढोलांचा आवाज. हिरवी कुंची. 'कुर्रर्र'.

आणि सुचित्राचा हसरा आवाज, मोठ्या स्पीकरवर, ते नाव घेताना.

हितेंद्र रिमोटकडे धावला. टीव्ही बंद झाला. पाठोपाठ आलेलं व्हिडिओतलं माझं हसू तेवढं कानात उरलं होतं.

किचनमध्ये सगळ्यात खालची ट्रॉली... सरकली.

आम्ही कुणीही हललो नाही. हलला तो रघू. हातातला केकचा तुकडा घेऊन तो टुकूटुकू आत गेला. अनुजा त्याच्यामागे पळाली, पण ती पोचायच्या आत तो वळून परत येत होता. हात रिकामा. बोटांना नुसतं क्रीम.

"रघू, केक कुणाला दिलास?"

"दादाला," रघू म्हणाला.

त्याला दादा नाही. त्याला एक बहीण आहे.

ती बहीण, मनवा, आता सहा वर्षांची, कोपऱ्यात बसून स्वतःचा केक खात होती. वर न बघताच ती म्हणाली,

"खाऊ दे गं आई. त्याला आता दात आलेत."

तो व्हिडिओ मी त्याच दुपारी काढून टाकला. पण बारशाला आणखी दोन-तीन जणींच्या हातात फोन होते, हे मला आठवतंय. कुणाकुणाच्या हातात, ते आठवत नाही.