बोट उचललं नाही म्हणणारा

"दहा मिनिटं देतो," सुपरवायझर म्हणाला. "चार वाजता पोलीस येतायत. क्रेनवाल्याला त्यांच्या ताब्यात दिलं की सुटलो."

बांधकामावरच्या त्याच्या ऑफिसात बसायला कोणी सांगितलं नाही. भाऊजींचं डोकं तिथंच तापलं. वहिनी मात्र शांत. खासगी तपास हे वहिनींचं काम. भाऊजी त्यांचे दीर, वही धरायला सोबत येत, आणि समजून घेण्यात नेहमी दोन पावलं मागे असत.

वहिनींना बोलावणारी क्रेनवाल्याची बायको दाराशी उभी होती. तीही काही गोड नव्हती. "माझा नवरा आत गेला तर तुमच्या हुशारीचं काय लोणचं घालू?" असं तिनं सकाळीच विचारलं होतं.

काल सकाळी अकराला बांधकामावर सळ्यांचा भारा भिंतीमागे खाली आला, तो थेट भारा बांधणाऱ्याच्या पायावर. रात्री पाय कापावा लागला. क्रेनच्या केबिनमधून भिंतीमागचं दिसत नाही. भाऱ्याजवळ उभा असलेला सिग्नलमन वॉकी-टॉकीवर सांगेल तेच खरं.

"मला 'सोड' ऐकू आलं," क्रेनवाला म्हणाला. "आवाज सिग्नलमनचाच. मागे कसली तरी घरघर होती, पण शब्द स्पष्ट. नियमाप्रमाणे मी उलट म्हणालो, 'सोडतोय.' तीन आकडे मोजले. कोणी अडवलं नाही, मग उतरवला."

"दरवेळी उलट म्हणतोस?" वहिनींनी विचारलं.

"त्याशिवाय दांड्याला हात लावत नाही. सगळे हसतात मला."

सिग्नलमन जखमीचा सख्खा धाकटा भाऊ. डोळे सुजलेले, सूर भांडखोर. "माझ्या दादाचा पाय गेलाय आणि चौकशी माझी? मी भिंतीमागेच होतो, दादापासून चार पावलांवर. भारा हलला तसं बटण दाबलं आणि 'थांब, थांब' ओरडत राहिलो. तेवढ्यात हा शहाणा म्हणतो, 'सोडतोय.' या कानांनी ऐकलं."

"बटणावरचं बोट मधे उचललंस?"

"भारा खाली येईपर्यंत नाही. एकदाही नाही."

"जखमीनंही तेच सांगितलंय," सुपरवायझर खेकसला. "धाकटा समोरच होता म्हणून."

"तुमचा वॉकी-टॉकीचा सेट?" वहिनींनी त्याला विचारलं.

"गेटच्या चॅनलवर. क्रेनच्या चॅनलवर हे दोघंच. तिसऱ्यानं तोंड घातलं तर मीच हाकलतो."

वहिनी भिंतीमागे जाऊन उभ्या राहिल्या. तिथं चिमण्यांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मग त्या आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये गेल्या. तिथं चार्जर ओळीनं लावलेले, वर पाटी: बॅटरी बदल, सकाळी अकरा. शेजारी जनरेटर. भाऊजींना वहिनींच्या कानाशी ओरडावं लागलं, "काही कळलं का?" वहिनींनी मान डोलावली. भाऊजींना अर्थातच काही कळलं नव्हतं.

परत आल्यावर वहिनींनी क्रेनवाल्याला सेट घेऊन केबिनमध्ये पाठवलं. "दांड्यांना हात लावू नकोस. मी रुमाल हलवला की 'सोडतोय' म्हणत राहा." सिग्नलमनचा सेट भाऊजींच्या हातात दिला. "बटण दाबा आणि 'थांब' म्हणत राहा. बोट उचलू नका."

"थांब, थांब, थांब," भाऊजी म्हणत राहिले. आपण वेडे दिसतोय हे त्यांना कळत होतं. खिडकीतून वर क्रेनवाला सेट तोंडाशी धरून बोलताना दिसत होता. पण भाऊजींच्या सेटमधून हूं की चूं नाही. भाऊजींनी दमून बोट उचललं, आणि लगेच आवाज आला, "सोडतोय. सोडतोय."

"बटण दाबलेलं असलं की हा सेट बहिरा असतो," वहिनी सिग्नलमनला म्हणाल्या. "तू 'सोडतोय' ऐकलंस, म्हणजे तेव्हा तुझं बोट बटणावर नव्हतं. तू कोणालाही थांबवत नव्हतास. 'सोड' म्हणणाराही तूच, कारण त्या चॅनलवर तिसरा माणूसच नाही. आणि मागची घरघर जनरेटरची. भिंतीमागे ती पोचत नाही. तू बॅटरी बदलायला शेडमध्ये गेला होतास. भारा पोचला असेल या अंदाजानं तिथूनच 'सोड' म्हणालास. त्यानं नियमानं परत म्हटलं, दादाला वाचवायची तुला संधी दिली. तू काढलीस बॅटरी."

"पण जखमी म्हणाला..." सुपरवायझर अडखळला.

"तो मान वर करून भावाला शोधत असणार. भाऊ तिथं नव्हता हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. पाय गेला तरी त्यानं धाकट्याचं नाव घेतलं नाही."

भाऊजींना इतका वेळ सिग्नलमनचा राग येत होता, आता त्याच्याकडे बघवेना. मग त्यानं भाऊजींच्या हातातून सेट घेतला. बटण दाबलं.

"काल 'सोड' मी म्हणालो. शेडमधून. न बघता."

त्यानं बोट उचललं. क्रेनवाल्याची बायको पदर तोंडाशी धरून सेटकडे बघत होती.

वरून नेहमीच्याच सुरात, एकेक शब्द, आवाज आला. "ऐकलं. काल 'सोड' तू म्हणालास. शेडमधून. न बघता."