चार तारांवरचा हात

मी तांब्याची तार आणायला निघालो होतो, बाकी काही नाही. केसाइतकी बारीक तार, मोटारीत गुंडाळतात तसली. सक्करदऱ्याच्या तलावाकडे मोटार रिवायंडिंगचं एक दुकान आहे. पण मे महिन्यातली भर दुपार. शटर अर्धं खाली, आत मालक बनियनवर आडवा. डोळे न उघडताच म्हणाला, पाचनंतर ये. मी परत फिरलो. रस्त्यावर एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. झाडांची सावलीसुद्धा बुडाशी गोळा होऊन बसलेली. लोक भुतासाठी रात्रीची वाट का पाहतात कोण जाणे. नागपुरात मेमधली दुपार त्याहून ओसाड असते.

बेस गिटार बनवत होतो मी. घरीच, मागच्या खोलीत. चार जाड तारांची, इलेक्ट्रिक, कानाला कमी आणि छातीला जास्त ऐकू येणारी. इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून बाबा पाहुण्यांना माझी ओळख "हा आमचा पियूष" एवढीच करून देतात आणि लगेच उन्हाळ्याबद्दल बोलायला लागतात. चार वर्षं ज्या कॉलेजची फी भरायची होती तिथे शिकवायला मास्तर नव्हते, हे त्यांना सांगून उपयोग नाही. त्यांच्या पिढीला इमारत दिसली की शिक्षण दिसतं.

भंगारवाल्याकडून सागवानी चौकट आणली होती, ती कापून, घासून अंग तयार केलं. मित्राच्या, अमोलच्या, मोडक्या गिटारची मान बसवली. राहिला फक्त पिकअप. म्हणजे लोहचुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली तार. वर स्टीलची तार थरथरली की खालच्या वेढ्यांना कळतं आणि स्पीकर वाजतो. एवढंच त्याचं काम. थरथर ऐकणं.

घरी आलो आणि माळ्यावर कूलरचा जुना पंप दिसला. पाणी वर चढवणारा, मुठीएवढा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अगदी मागे ढकललेला. चारुशीला काकू गेली त्याच आठवड्यात बाबांनी तो बदलला होता.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेल्यावर ती मागच्या खोलीत राहायची, आणि घरातली न संपणारी कामं तिच्याकडे असायची. कूलर भरणं हे त्यातलंच. मागच्या मे महिन्यात अशाच दुपारी कूलरसमोर पडली. हार्ट, असं बाबांनी सांगितलं. ओळखीच्या डॉक्टरनं तेच लिहून दिलं. मी होस्टेलवरून आलो तेव्हा तिला हॉलमध्ये ठेवलं होतं आणि दोन्ही हात पांढऱ्या कापडात गुंडाळले होते. मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही.

पंप फोडला, तार उलगडली, पिकअप गुंडाळला. वेढ्यांमध्ये वितळलेलं मेण मुरवायचं असतं, म्हणजे ते हलत नाहीत. नाही मुरवलं तर पिकअप कान होऊन बसतो. जवळ कोणी बोललं तरी स्पीकरमधून येतं. मी कंटाळा केला. नंतर करू म्हटलं.

गिटार अँपला, म्हणजे तिच्या स्पीकरला, जोडली तर भुणभुण सुरू झाली. हे ठीक होतं, तसं होतंच. तारांना हात लावला की अंगातला करंटचा कचरा तारांवाटे जमिनीत जातो आणि भुणभुण थांबते. हात काढला की पुन्हा सुरू. आई चहा घेऊन आली होती, तिला मी हे दाखवलं. तिनं दबकत तळवा चारही तारांवर ठेवला. खोली एकदम शांत. हात काढला, भुणभुण. पुन्हा ठेवला, शांत.

"माणूस ओळखते का गा ही?" आई म्हणाली.

मग तिला आठवलं की कूलर भरायचा आहे. जाता जाता म्हणाली, आजकाल त्याले हात लावला की झिणझिण्या येतात. हॉलमधून दिवाणावर पडल्यापडल्या बाबांनी ओरडून उत्तर दिलं की सगळ्याच कूलरले येतात, त्यात काय नवीन. ते खरंही आहे. आमच्या गल्लीत सगळे काका लोक कूलर थोडा करंट मारतो हे सर्दी-पडशासारखं सांगतात.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. बाबा हॉलमध्ये कूलरसमोर झोपले, आई स्वयंपाकघरात. मी मागच्या खोलीत, गिटार स्टँडवर, अँप चालू. मी टेबलावर स्क्रू वेगळे करत होतो. भुणभुण चालू होती, कानाला सवय झाली होती. म्हणून ती थांबली तेव्हा लगेच कळलं.

लाइट गेली असेल, असं वाटलं. वर पंखा फिरत होता. अँपचा लाल दिवा लागलेला. केबल जागेवर. मी खुर्चीत, गिटार माझ्यापासून चांगली दूर.

भुणभुण परत आली. मी श्वास सोडला. पुन्हा थांबली.

सोल्डर सुटलं असेल. मी मनात शिव्या घालत उठलो आणि सर्वांत जाड तार एका बोटानं छेडली. ती वाजलीच नाही. थप्प, एवढंच. ज्यानं गिटार धरली आहे त्याला हा आवाज माहीत असतो. कुणाचा तळवा तारांवर असला की तार अशी मरते. मी बारीक तार छेडली. थप्प. चारही तारा. थप्प, थप्प. आणि बोट ओलं झालं.

वास आला मग. भिजलेल्या खसचा, कूलरच्या वाळ्याच्या टट्ट्यांना असतो तसा. पण कूलर तिकडे हॉलमध्ये, मधलं दार लोटलेलं, आणि वास माझ्या तोंडासमोर. कोणी ओल्या साडीनं अगदी जवळ उभं राहिल्यासारखा. मला मागे सरकायचं होतं. सरकलो तर वासही सोबत सरकला. खिडकीबाहेर पांढरंफटक ऊन होतं, लख्ख, आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

अँपमधून खरखर आली. मग कोणीतरी दात घट्ट आवळून बोलल्यासारखं...

"ताई... बटन बंद करा वं..."

आवाज काकूचा होता. आईला ती ताई म्हणायची. मी बारा वर्षं तो आवाज ऐकला होता, चुकणं शक्य नव्हतं.

"ताई... हात सुटून नाही राहिला..."

दारात भांडं पडलं. आई उभी होती. चेहरा राखेसारखा. माझ्याकडे पाहतही नव्हती. गिटारकडे पाहत होती.

"हेच म्हणाली होती," ती म्हणाली. "त्या दिवशी. हेच. तुझे बाबा म्हणे तुले भास झाला."

वर्षभर त्या माणसानं तिला तेच सांगितलं होतं. तुले भास झाला. तुले झोप लागली होती. चारू तर आवाजही न करता पडली. आणि वर्षभर आई कूलर भरत होती, त्याच जागी, अनवाणी.

"ताई..." अँप म्हणाला.

"आली वं," आई म्हणाली आणि वळून पळाली.

मला समजायला एक क्षण लागला. बटन कूलरच्या पलीकडच्या भिंतीवर आहे. खाली फरशीवर कायम पाणी. बटनापर्यंत हात न्यायचा तर कूलरच्या पत्र्याला टेकावंच लागतं. काकू वाचवा म्हणत होती की सोबत बोलावत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या हाकेला जो जाईल तो तिथेच चिकटेल, एवढं दिसलं.

मी धावलो. आईचा एक पाय पाण्यात पडला होता, हात पुढे झाला होता. मी दंडाला धरून मागे ओढली. ती पडली, कोपर फुटलं. मी व्हरांड्यात जाऊन मेन स्विच खाली ओढला. घरातलं सगळं बंद पडलं. पंखे, फ्रिज, कूलर. उन्हाचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता.

मग कूलरची वायर उपसून पाहिली. प्लगची तिसरी पिन, जाड असते ती, अर्थिंगची, पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी, मुळापासून कापलेली. बोर्डाच्या भोकात बसत नव्हती म्हणून आरीनं कापली होती. कापणाऱ्यानं कड घासून गुळगुळीतही केली होती.

गार वारा थांबला म्हणून बाबा उठून बसले. लाइट गेली का विचारलं. मी प्लग त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं हे कोणी केलं. ते म्हणाले, पोट्ट्या, अर्ध्या शिक्षणात मले इलेक्ट्रिक शिकवून राहिला का. मी म्हटलं, ठीक आहे, मेन चालू करतो. तुम्ही जा नं. लावा हात कूलरले.

ते हसले. तुच्छपणे, मला चांगलं माहीत असलेलं हसू. दिवाणावरून उतरले. आणि उतरताना त्यांचे पाय, त्यांच्या नकळत, दिवाणाखाली चाचपडायला लागले. रबरी चपला शोधत. उजवी सापडली. डावी सापडली. घालूनच ते फरशीवर उभे राहिले.

आई खालीच बसली होती, कोपर धरून. ती त्यांच्या पायांकडे पाहत होती.

"त्या दिवशीबी चपलाच शोधत होते तुम्ही," ती म्हणाली. "ती ओरडत होती, अन् तुम्ही चपला शोधत होते."

  बाबा तरातरा मागच्या खोलीत गेले. या भंगाराच्या नादानं घर बिघडलं, असं काहीतरी बडबडत. मी मागे गेलो तोवर त्यांनी गिटारची मान पकडली होती, आपटायला. उजवी मूठ चारही तारांवर आवळलेली.

त्यांनी ती उचलली नाही. तसेच उभे राहिले.

आधी वाटलं वजन पेलत नसेल. मग त्यांचा चेहरा पाहिला. जबडा घट्ट, मानेच्या शिरा वर आलेल्या, डोळे माझ्याकडे. काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलत नव्हते. दंडापासून बोटांपर्यंत हात थरथरत होता. मेन बंद होता, अँपचा दिवा विझलेला, केबल मी स्वतः उपटून टाकली. थरथर तशीच. मी झाडूच्या दांड्यानं त्यांचा हात ढकलला. हलला नाही. पायात चपला होत्या. त्यांचाही काही उपयोग झाला नाही.

आई दारात आली. बराच वेळ पाहत उभी राहिली. मी तिला हाक मारली तरी आली नाही. बाबांच्या नाकातून रक्ताची बारीक रेघ उतरली तेव्हा ती पुढे झाली आणि बाबांशी नाही, त्यांच्या मुठीशी बोलली.

"चारू... सोड वं. मी ऐकलं."

हात तारांवरून सुटला. बाबा जागीच खाली बसले.

हात सुटला, पण मूठ उघडली नाही. अजूनही नाही. डॉक्टर झाले, फिजिओथेरपी झाली, तपासण्यांत हाड-शीर सगळं ठीक आहे म्हणतात. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्यांना हार्टचा थोडा प्रॉब्लेम असल्याचं सांगतात. लोकांना पटतं.

कूलर मी भंगारात दिला, पिकअपची तार जाळली. बाबांना आई भरवते. परवा वाढताना मी पाहिलं, त्यांच्या आवळलेल्या बोटांच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. ताटाशेजारी लहानसं थारोळं, खसचा वास. आईनं पदरानं पुसलं, जसं काही रोजचंच आहे. मग ती वाकली, त्या मुठीजवळ कान नेला आणि मान हलवत राहिली. बाबा भिंतीकडे पाहत होते. त्यांचा घास तोंडातच होता, ते चावायचे थांबले होते.

"हो," आई हळूच म्हणाली. "विचारते त्याईले, चपला सापडल्या का म्हणून."