तिसरी खुर्ची

मोबाइल आत ठेवा आणि जरा सरकून बसा. ही गोष्ट चार तोंडांतून फिरून आलेली नाही. ज्याच्यावर बेतली त्यानेच मला सांगितली, आणि तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपला डॉक्टर. हसताय काय? औषधं देणारा नव्हे, कॉम्प्युटरवाला. मशीन बिघडलं की आधी त्याच्या पाठीला कान लावतो, म्हणून डॉक्टर. थापा मारणं त्याला जमत नाही. बिलसुद्धा धड फुगवता येत नाही बिचाऱ्याला.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, महिन्यातला शेवटचा शनिवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच एकमेकांना चिकटू नका. त्या रात्री बारापासून सकाळपर्यंत एका गल्लीची वीज बंद राहणार होती, तारा बदलायच्या होत्या. दहाच्या सुमाराला तिथल्या काकूंचा डॉक्टरला फोन आला, "अरे, त्या डब्याची बॅटरी घेऊन ये. आजच. रात्रभर टिकेल अशी." डबा म्हणजे यूपीएस, वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारा. अर्ध्या तासाचं काम. डॉक्टरने बॅटरी स्कूटरवर पायाशी ठेवली आणि निघाला.

या काकू त्याच्या सख्ख्या कोणी नव्हेत, गिऱ्हाईक. पण जीव लावणाऱ्या. त्यांचे यजमान जन्मभर विमानात फ्लाइट इंजिनिअर होते. जुन्या मोठ्या विमानांत पुढे दोन वैमानिक बसायचे आणि त्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, तिसरा माणूस. समोर भिंतभर काटे, दिवे, खटके. इंधन, इंजिनं, आतली हवा, सगळं त्याच्या हाती. पुढे नवी विमानं आली, ते काम कॉम्प्युटर करू लागला, आणि ती तिसरी खुर्चीच काढून टाकली. काका घरी बसले. माणसाला कामावरून काढतात, इथे खुर्चीसकट काढलं. ते दुःख काही गेलं नाही त्यांचं.

मग डॉक्टरनेच त्यांना कॉम्प्युटरवरचं विमान आणून दिलं. खेळच तो, पण काकांच्याच विमानाची हुबेहूब नक्कल. दोन पडदे लावले. एकावर पुढची काच, ती काकूंची. दुसऱ्यावर काकांची भिंत. काकूंना त्यांनी विमान उडवायला, उतरवायला शिकवलं. "जन्मभर कॅप्टनच्या मागे बसलो, आता घरच्या कॅप्टनच्या मागे बसतो," म्हणायचे. काकू म्हणायच्या, "घरात तरी कधी पुढे होतात?" आपली तयारी झाली की काका तोंडाने सांगत नसत. पेन्सिलीने काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा ठोकायचे. टक टक. की काकू म्हणणार, "ठीक."

खेळाचं कौतुक होतं तसं खुसपट काढणंही होतं. काका एका बोटाने टाइप करायचे, म्हणून बनवणाऱ्यांना तक्रारी लिहायचं काम डॉक्टरकडे. 'विमान पॉजवर ठेवलं तरी आत इंजिनं चालूच राहतात, इंधन जळत राहतं. सकाळी बघावं तर टाक्या कोरड्या आणि इंजिनं बंद.' मग दुसरी, 'सेव्ह केलेलं विमान परत उघडलं की इंजिनं बंद.' मग तिसरी, 'इंजिनिअरची खुर्ची फिरत नाही. उतरताना आम्ही ती वळवून वैमानिकांकडे तोंड करायचो. तुम्ही ती जमिनीला खिळवलीय.' उत्तर आलं, खुर्ची आणि जमीन एकाच तुकड्यात काढलीय, फिरणं शक्य नाही. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तर डॉक्टर पोचला. खोलीत कॉम्प्युटरमधून येणारी बारीक घरघर, विमानाच्या इंजिनांची. काकूंच्या पडद्यावर ढगांखाली दूर धावपट्टीचे दिवे. काकांच्या पडद्यावर मात्र टॉवेल टाकलेला. डॉक्टरने यूपीएस उघडला. आतली बॅटरी फुगून टम्म झाली होती.

"काकू, ही आता दोन मिनिटंही धरायची नाही. नवी लावतो. पण मशीन एकदा बंद करावं लागेल."

"बंद करायचं नाही."

"मग आहे तिथं सेव्ह करू."

"सेव्ह केलेलं परत उघडलं की इंजिनं बंद असतात. तूच लिहिली होतीस ती तक्रार."

मग काकूंनीच सांगितलं. सात महिन्यांपूर्वी, उतरायला दहा मिनिटं असताना काका उठले. "चष्मा आणतो. पॉज कर. आलोच." काकूंनी बटण दाबलं. आतल्या खोलीतून काही पडल्याचा आवाज आला...

ते बटण त्यांनी पुन्हा दाबलं नव्हतं. ते उतरायला निघालेले, अर्ध्या आकाशात, आणि आपण चहा पीत बसलोय, असं वाटायचं म्हणाल्या. पुढे गेलं की उतरणार, उतरलं की संपलं. लेक फोनवर ओरडायची, आई, बंद कर ते. नाही केलं. रात्री त्या घरघरीशिवाय झोप लागत नव्हती.

डॉक्टर आईविना वाढलेला. त्याने नवी बॅटरी उचलून बाजूला ठेवली.

साडेअकरा झाले. काकू उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या. "वीज जाऊन त्यांना तसंच मध्ये टाकायचं नाही मला. उतरवते. तू तिकडचे काटे वाच. त्या खुर्चीवर बसू नकोस, उभा राहा."

डॉक्टरने टॉवेल काढला. पडदा चालू केला.

तीन टाक्या. तीन काटे.

तिन्ही शून्यावर.

तेव्हा त्याला आठवलं. पॉजवर इंधन जळतं. एका रात्रीत टाक्या कोरड्या होतात. इथे सात महिने गेले होते. आणि वरच्या रांगेत तिन्ही इंजिनांचे काटे... व्यवस्थित. चालू. घरघर तर कानात येतच होती.

काटे अडकले असतील, त्याने मनाशी म्हटलं. त्याच्या धंद्यात हेच म्हणतात.

काकूंनी बटण दाबलं. ढग सरकले.

इंजिनं थांबली नाहीत.

"चाकं," काकू म्हणाल्या, आणि खाली घेतली. तीन हिरवे दिवे लागले. विमान सरळ होतं. धावपट्टी मोठी होऊ लागली.

"इंधन?"

डॉक्टर काट्यांकडे बघत राहिला. शून्य म्हणावं? खोटं सांगावं?

"इंजिनिअर... इंधन?"

टक टक.

काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर. डॉक्टरचे दोन्ही हात टॉवेलात होते.

"ठीक," काकू म्हणाल्या.

मागे वळून बघितलं नाही त्यांनी. डॉक्टरनेही नाही... त्याच्या पाठीमागून पेन्सिलीच्या लाकडाचा वास आला. समोर पडद्यावरच्या भिंतीवर एक खटका खाली गेला. मग दुसरा. माउस टेबलावर होता. कोणी धरलेला नव्हता.

दिवे जवळ आले. अजून जवळ.

चाकं टेकली.

विमान धावत गेलं, मंदावलं, थांबलं. मग काकू अगदी घरातल्या आवाजात, जेवायला हाक मारावी तशा म्हणाल्या, "पोचलो, अहो. बंद करा आता."

पहिलं इंजिन बंद झालं. मग दुसरं.

तिसरं चालूच राहिलं.

"तेही," काकू म्हणाल्या. "दमला असाल हो."

घरघर उतरत गेली... आणि संपली. सात महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात काहीच वाजत नव्हतं. काकूंनी पदर तोंडात धरला आणि लहान मुलासारख्या रडल्या. डॉक्टर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. बारा वाजले, वीज गेली, पडदे विझले. दोघांपैकी कोणी दिवा लावायला उठलं नाही.

अंधारात डॉक्टर म्हणाला, "काकू, टाक्या रिकाम्या होत्या."

"माहीत आहे मला. ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. म्हणून तर टॉवेल टाकला." मग म्हणाल्या, "ते कोरड्या टाक्यांवर धरून बसले होते रे, माझ्यासाठी. मी सोडत नव्हते म्हणून त्यांनाही सुटता येईना. किती ताटकळत ठेवायचं माणसाला?"

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, खेळात चूक असेल, काटे बिघडले असतील. डॉक्टरलाही तसंच वाटावंसं वाटत होतं. त्याने तेच विमान स्वतःच्या मशीनवर घातलं, रात्रभर पॉजवर ठेवलं. सकाळी टाक्या कोरड्या, इंजिनं बंद. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

ते असू दे. दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर त्याने काकूंची बॅटरी बदलली आणि मशीन लावून बघितलं. विमान तळावर उभं होतं, इंजिनं थंड. त्याने काकांचा पडदा चालू केला आणि काकूंना हाक मारली.

चित्रातली ती तिसरी खुर्ची, जमिनीसकट एका तुकड्यात काढलेली, जी फिरणं शक्यच नव्हतं... वळलेली होती. भिंतीकडे पाठ. तोंड कॅप्टनकडे.

डॉक्टरच्या मशीनवर ती आजही भिंतीकडेच आहे. काकूंनी त्यानंतर एकदाही विमान उडवलं नाही. संध्याकाळी फक्त लावतात, समोर बसून चहा पितात, आणि बंद करतात.