वायरमनची झोपायची जागा

दार ओढून घ्या आणि ते मोबाइल जरा बाजूला ठेवा. ही गोष्ट ऐकीव नाही, आमच्या गावच्या वायरमनची आहे. रोज माझ्याकडे चहाला यायचा. घाबरट म्हणाल तर मुळीच नाही, खांबावर चढून शीळ घालणारा माणूस.

त्याचा थोरला भाऊ शेत राखताना हत्तिणीच्या पायाखाली गेला. सकाळी लोकांना दिसला तो हिरव्या फांद्यांचा ढीग. तिनंच त्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकलं होतं. हत्ती आपल्या मेलेल्यांनाही तसंच झाकतात. आता अशा जनावराचा राग करायचा तरी कसा? उभं पीक तुडवलं की आम्ही शिव्या द्यायचो, आणि पिल्लाला घेऊन रस्ता ओलांडताना दिसली की गाडी थांबवून बघत राहायचो. जंगल उरलं नाही, ती जाणार कुठं? आणि आम्ही तरी कुठं जाणार?

वायरमनचं मात्र डोकं फिरलं. हत्ती अडवायला शेतांभोवती घातलेल्या कुंपणाच्या तारेला झटक्यापुरता करंट असतो. त्यानं एका रात्री थेट मोठ्या लाइनवर आकडा टाकला. सकाळी हत्तीण आडवी. पिल्लू दिवसभर फांद्या मोडून तिच्या अंगावर टाकत होतं. संध्याकाळी पुरायला मशीन आलं, तेव्हा त्या फांद्या ओढून फेकल्या त्या वायरमननंच. गाव बघत उभं होतं. कोणी ब्र काढला नाही. मीही नाही.

मग गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कुंपणाचा भोंगा वाजला. म्हणजे तार कुठंतरी तुटली. लेक झोपली होती. बायकोला आतून कडी लावायला सांगून तो बॅटरी घेऊन निघाला.

सगळी तार चालत तपासली. कुठंच तुटली नव्हती. हत्तिणीला पुरलं होतं तिथं तो पोचला आणि भोंगा आपोआप थांबला.

मागे कोणीतरी श्वास सोडला. मोठा. गरम. मानेवर.

वळून पाहिलं. कोणी नाही.

त्यानं हात जोडले. "चुकलं माझं," म्हणाला. "भाऊ होता माझा..."



मग तो श्वास त्याला ओलांडून पुढं गेला. गावाकडे. त्याच्या घराकडे.

तो धावला. दार बंद. आतून कडी. त्यानं दोन्ही हातांनी दार बडवलं. बऱ्याच वेळानं बायकोनं उघडलं, झोपेतच. त्याला पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली.

"तुम्ही... बाहेर कसे?"

"आत्ताच आलो."

"मघाशीच तर येऊन पडलात. माझ्या शेजारी."

"कडी कोणी काढली?"

तिनं वळून अंथरुणाकडे पाहिलं.

त्यानं बॅटरी अंथरुणावर मारली. भिंतीकडे लेक, गाढ झोपलेली. मधली बायकोची जागा रिकामी. आणि अलीकडे, त्याच्या जागेवर, उशीपासून पायथ्यापर्यंत हिरव्या फांद्या. बरोबर त्याच्या उंचीएवढ्या.

नुकत्याच मोडलेल्या. चीक अजून ठिबकत होता...