न उजाडलेला रविवार

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ज्या आकड्याची खात्री नाही तो आकडा मी लिहीत नाही. सव्वीस वर्षं हीच सवय आहे.

पुढचं सगळं त्याच सवयीने लिहिलं आहे. जे ऐकलं ते ऐकलं म्हणून, जे पाहिलं ते पाहिलं म्हणून. त्याचा अर्थ मला लागलेला नाही, म्हणून अर्थ लिहिलेला नाही.

रविवार होता. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. गल्लीच्या टोकाचं दुमजली घर. खाली शिंप्याचं दुकान, वर आम्ही.

दहा महिन्यांनी आम्ही घरी परतत होतो.

मोबाईल अजून खिशात यायचे होते तेव्हाची ही गोष्ट. नवरा, मी आणि अकरा वर्षांची लेक, तिघं जगाला वळसा घालून आलो होतो. दोघांनी बिनपगारी रजा घेतली होती आणि लेकीचं शाळेचं एक वर्ष बुडवलं होतं. लोक म्हणाले, यांना वेड लागलंय. एकट्या आत्या म्हणाल्या, "जा. मी आहे घरात."

आत्या म्हणजे नवऱ्याची आत्या. त्याची आई तो तीन वर्षांचा असताना गेली. आत्यांनी त्याला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही. आम्ही त्यांच्या घरात राहत होतो की त्या आमच्या, हे कधी कुणी ठरवलं नाही. मला त्या मोजपट्टी म्हणायच्या, कारण मी चहाची साखरही सपाट चमच्याने घालते.

निघण्याआधी मी एक तक्ता केला होता.

दर रविवारी घरच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले की आम्ही जिथे असू तिथून फोन करायचा. प्रत्येक रविवारी आम्ही कुठे असू, कोणत्या हॉटेलात, तेव्हा तिथे किती वाजलेले असतील, सगळं त्यात होतं. एक प्रत माझ्या पिशवीत. एक आत्यांसाठी, फोनच्या वर भिंतीला टाचलेली.

"एवढं जग बघताय," आत्या पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "तर माझा चष्मा कुठे ठेवलाय मी, ते दिसतंय का बघा जरा."

आधी लेक बोलायची, मग नवरा, शेवटी मी. तीन मिनिटं. बत्तीस रविवार एकही फोन चुकला नाही.

तेहेतिसावा चुकला.

समुद्राच्या मधोमध एक वाररेषा मानलेली आहे. ती पश्चिमेकडे जाताना ओलांडली की एक दिवस गळतो. शाळेत शिकवतात हे. मी तर पुढे विज्ञानच शिकले. तक्ता करताना मी प्रत्येक गावाचा तासांचा फरक मिनिटापर्यंत काढला... आणि ती रेषा विसरले.

शनिवारी रात्री आम्ही विमानात बसलो. चौदा तासांनी उतरलो. माझ्या हिशोबाने रविवार सकाळ होती. फोन रात्री करायचा होता.

विमानतळावर एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता. त्यावर सोमवार लिहिलं होतं.

मी दोनदा वाचलं.

"असू दे ग," नवरा म्हणाला. "आता तिकडे मध्यरात्र उलटली असेल. म्हातारीची झोप कशाला मोडायची? पुढच्या रविवारी दोन्हीचं मिळून बोलू."

तक्त्यातल्या हॉटेलात जागा नव्हती. आम्ही दुसरीकडे उतरलो, तिथून बेटावर गेलो. तिथे फोनच नव्हता.

पुढच्या रविवारी बेटावरून परतल्यावर मी वेळेवर फोन केला. तिसऱ्या घंटेला उचलला.

"मागच्या रविवारी फोन नाही आला?" आत्या म्हणाल्या.

खरं सांगायला काय हरकत होती? पण तक्ता माझा होता. मला लाज वाटली.

"लाईन लागली नाही, आत्या."

"असं होय," त्या म्हणाल्या.

मी लेकीच्या हातात रिसीव्हर दिला. तिने कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "आई, नुसता वारा येतोय."

नवऱ्यालाही काही ऐकू येईना. मी परत घेतला... आत्यांचा आवाज स्वच्छ. शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"तूच बोल," त्या म्हणाल्या. "तुझंच नीट येतं."

त्यानंतरचे सगळे फोन मीच केले. तो धरून सात. दर वेळी पहिला प्रश्न तोच.

"मागच्या रविवारी फोन नाही आला?"

मागच्या रविवारी आलेला असायचा. मी तसं म्हटलं की त्या गप्प व्हायच्या, मग पुन्हा तेच विचारायच्या. मला वाटलं, वय झालं. मी दर वेळी म्हणायचे, लाईन लागली नाही.

शेवटच्या फोनवर मी सांगितलं, पुढच्या रविवारी दुपारी घरी पोचतोय.

"या," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."

तर तो रविवार. टॅक्सीतून सामान उतरवलं आणि जिना चढलो.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

"गेली असेल कुठे तरी," नवरा म्हणाला. "आपल्यासाठी काहीतरी आणायला." त्याच्याकडची किल्ली दहा महिने पिशवीच्या तळाशी होती. ती शोधण्यात पाच मिनिटं गेली.

दार उघडलं.

आधी वास आला. बंद घराचा. खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. भिंतीवरचं घड्याळ बंद. आमच्या घरात ते घड्याळ आणि आत्यांची बडबड, दोन्ही कधी थांबत नसत.

मी टेबलावरून बोट फिरवलं.

एका आठवड्याची धूळ कशी असते, मला माहीत आहे. ही तशी नव्हती. बोटाची रेघ स्पष्ट उमटली, कडा उभ्या राहिल्या. खिडकीतल्या कुंड्यांमध्ये काड्या उरल्या होत्या. पाण्याचा माठ कोरडा, तळाशी पांढरं कडं. एवढं पाणी आटायला किती दिवस लागतात, ते मी नकळत मोजू लागले.

"आई," लेक दाराजवळून म्हणाली, "आत्याआजीच्या चपला इथेच आहेत."

नवरा आतल्या खोलीत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

मी फोनपाशी गेले. शेजारी आत्यांची वेताची खुर्ची. खुर्चीवर धूळ, फोनच्या डबड्यावर धूळ...

रिसीव्हरवर नव्हती.

वर भिंतीला माझा तक्ता होता. फोन येऊन गेला की आत्या त्या रविवारपुढे पेन्सिलने बरोबरची खूण करायच्या. बत्तीस खुणा होत्या. मग एक रिकामी जागा.

आणि तिच्याखाली सात खुणा. शेवटची मागच्या रविवारची.

जिन्यावर पावलं वाजली. शिंपीकाका होते. दुकानाच्या मागच्या खोलीत ते राहायचे. टॅक्सीचा आवाज ऐकून वर आले होते. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. दारातच थांबले.

"तार मिळाली नाही का, वहिनी?"

"कसली तार?"

ते नवऱ्याकडे बघत राहिले. तो आतून आला होता. आत्यांची घडी घातलेली शाल त्याच्या हातात होती.

"आत्याबाई गेल्या हो," शिंपीकाका म्हणाले. "आज आठ आठवडे झाले."

नवरा खाली बसला. खुर्ची बाजूलाच होती, पण तो जमिनीवर बसला.

शिंपीकाका सांगत होते ते मला अजून शब्दशः आठवतं.

"दुपारपासूनच छातीत कळ येत होती. मी म्हटलं, चला, डॉक्टरकडे जाऊ, रिक्षा आणतो. तर म्हणाल्या, पाचला पोरांचा फोन येतो, तो येऊ दे, मग जाऊ. पाच वाजले. मी पुन्हा आलो. म्हणाल्या, येईल, तिकडे वेळेची गडबड होत असेल. सहाला आलो. अजून बसलेल्या. माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, तुझं कापड शिव जा, मोजपट्टी चुकायची नाही."

त्यांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली.

"सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही, तेव्हा कळलं. त्या खुर्चीतच होत्या."

शेजाऱ्यांनीच सगळं केलं होतं. तार तक्त्यातल्या हॉटेलवर गेली आणि परत आली. पुढच्या गावची एक तारही कुठेतरी हरवली.

"पण आम्ही तर फोन..." नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"वाजायचा ना," शिंपीकाका म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली गेला होता. "दर रविवारी पाचला वाजायचा. मला वाटलं, बरं झालं, सांगता येईल. धावत वर आलो, कुलूप काढेपर्यंत थांबला. पुढच्या रविवारी आधीच येऊन दाराबाहेर उभा राहिलो, किल्ली हातात. तीनदा वाजला..."

"आणि?"

"थांबला. कुणी उचलल्यावर थांबतो तसा. मग नाही झाली हिंमत, वहिनी. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकून दिली."

त्या दिवशी पाच वाजता आम्ही तिघं त्या खोलीत होतो. फोन करणारं कुणी उरलंच नव्हतं. फोन वाजला नाही.

पाच वाजून एक मिनिटाने वेताची खुर्ची करकरली. माणूस टेकल्यावर करकरते तशी.

लेक माझ्या कुशीत शिरली. सहापर्यंत ती खुर्ची तीनदा करकरली. कंटाळून कुणी बूड हलवावं तशी. कुणीतरी वाट बघत होतं.

पुढचा आठवडा मी घर धुतलं, पुसलं, नमुने तपासले, जेवण केलं. रविवारी नवरा लेकीला शाळेचे बूट घ्यायला घेऊन गेला. मी घराला कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरली. चौकातल्या औषधांच्या दुकानाबाहेर नाणी टाकायचा फोन होता, तिथे गेले.

पाच वाजता मी माझ्याच घरचा नंबर फिरवला.

एक घंटा.

दोन.

तीन...

"मागच्या रविवारी फोन नाही आला?"

किल्ली मुठीत रुतत होती. मागे दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"आत्या, मी खोटं सांगितलं," मी म्हटलं. "लाईनचं काही नव्हतं. तक्ता चुकला. आमच्याकडे तो रविवार उजाडलाच नाही. शनिवारचा एकदम सोमवार झाला. मी ते धरलंच नव्हतं."

पलीकडे श्वासही नाही.

"म्हणजे विसरला नव्हतात," आत्या म्हणाल्या.

"नाही."

"बरं."

मला वाटलं, संपलं. त्यांना एवढंच हवं होतं, आता त्या सुटतील आणि मीही.

"फोन येणारच नाही हे कळलं असतं ना ग," त्या म्हणाल्या, "तर मी डॉक्टरकडे गेले असते."

रागावून नाही. दूध नासलं हे सांगावं तसं.

"ठेवते," त्या म्हणाल्या.

मी धावत घरी आले. कुलूप जसंच्या तसं. रिसीव्हर जागेवर होता. मी हात लावला. ऊब असेल असं वाटलं होतं. नव्हती.

त्यानंतर कित्येकदा, घरात कुणी नसताना, मी त्या दुकानाबाहेरून फोन केला. घंटा वाजत राहायची. कुणी उचलायचं नाही. खुर्चीही पुन्हा कधी करकरली नाही.

आत्या बोलल्याचं मी नवऱ्याला सांगितलं, त्याच रविवारी रात्री. तो मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. त्याने नाही काढलं. तो कुशीवर वळला. मग लहान मुलाच्या आवाजात म्हणाला,

"माझं काही विचारलं तिने?"

विचारलं नव्हतं. आठही वेळा नाही. एकदाही त्याचं नाव काढलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "म्हणाल्या, त्यालाही फोन करीन."

का म्हटलं, मला माहीत नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. लेक लग्न होऊन दूर गेली. शिंपीकाकाही गेले. घरात आम्ही दोघंच असतो. दर रविवारी पाचच्या आधी तो आंघोळ करून स्वच्छ शर्ट घालतो आणि फोनजवळ बसतो. सहापर्यंत. कधी सातपर्यंत. मी समोर बसून विणते.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्याची छाती तपासली. तपासण्या करायला हव्यात म्हणाले. त्यांचं यंत्र दुसऱ्या गावाहून येतं, फक्त रविवारी संध्याकाळी.

"रविवारी नाही जमायचं," तो म्हणाला.

परवा मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तो फोनवरची धूळ पुसत होता, शर्टाच्या बाहीने, हळूहळू.

"काय ग?" तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं.

उद्या रविवार आहे.